उघडा राहिलेला साचा

तिला सगळी गल्ली वाकडी म्हणते. बाई मुळात सुतासारखी सरळ. चालते ताठ, बोलते त्याहून ताठ, आणि दुकानाच्या रांगेत कुणी मधेच घुसला तर त्याला कोपराने मागे सारून आपली जागा राखते. तरी वाकडी. हे नाव तिला काचेच्या कारखान्यात पडलं, कारखान्यातून गल्लीत आलं आणि गल्लीतून घरात शिरलं. आता तिची सख्खी आईसुद्धा आतून हाक मारते, "वाकडे, चहा निवला." नाव ठेवणाऱ्यांना वाटलं होतं, ही रडेल, नाहीतर भांडेल. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. रस्त्यात आपलीच हरवलेली वस्तू सापडावी तसं तिने ते नाव उचललं, बाहीला पुसलं आणि वापरायला काढलं.

तिच्या घरी जायला पत्ता लागत नाही. रस्त्याकडे एकच खिडकी आहे आणि त्या खिडकीच्या फळीवर काचेची सभा भरलेली असते. एक सुरई आहे, तिची मान इतकी लवलेली की ती स्वतःच्याच पोटात डोकावून बघते. एक निळा मासा आहे, त्याने काहीतरी नको ते गिळलं आहे आणि आता तो पस्तावला आहे. एक दोन तोंडांची फुलदाणी आहे. तिच्यात दोन फुलं ठेवली की भांडलेल्या जावांसारखी ती एकमेकींकडे पाठ करून उभी राहतात. छताला दिव्याचं झाकण टांगलं आहे ते पिकून गळायला आलेल्या अंजिरासारखं. खालून जाणारा नवखा माणूस नकळत मान खाली घालतो. चौकटीला दोऱ्यांनी काचेचे थेंब बांधले आहेत, एकाचा तोंडावळा दुसऱ्यासारखा नाही.

सकाळी ऊन आलं की ही सगळी मंडळी समोरच्या भिंतीवर उतरते. भिंत साधी, चुन्याची, पोपडे आलेली. पण त्या वेळी तिच्यावर हिरवं पाणी हलत असतं. माशाची निळी सावली सरकत सरकत दुपारी आईच्या उशीवर जाऊन निजते. आई म्हणते, या मेल्याला माझीच उशी सापडते. पण उशी ती हलवत नाही.

आणि या सगळ्यांच्या मधोमध एक बुटका चंबू आहे. रंग नाही, नक्षी नाही. पोट एका बाजूला सुटलेलं, मान दुसऱ्या बाजूला वळलेली. दाराआड उभं राहून दुसऱ्याचं भांडण ऐकणाऱ्या माणसासारखा तो दिसतो. सगळ्याचं मूळ तो चंबू.

कारखाना कंदिलाच्या काचांचा आणि बरण्यांचा. पत्र्याची उंच शेड, मधोमध गोल भट्टी, भट्टीत मातीच्या मोठ्या मुशी आणि मुशीत मधासारखी दाट, पेटलेली काच. भट्टीभोवती लाकडाचा ओटा. ओट्यावर फुंकणारे उभे राहत, हातात माणसाच्या उंचीच्या लोखंडी नळ्या घेऊन. त्या नळीला तिथे फुंकणीच म्हणतात. ओट्याच्या खाली, फुंकणाऱ्याच्या पायाशी, ठेंगण्या स्टुलावर साचा धरणारा बसे. वाकडी साचा धरी, तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचा. भावाला सगळा कारखाना दादा म्हणे, कारण त्याच्यासारखा फुंकणारा दुसरा नव्हता. दादाच्या काचा हारीने मांडल्या तर शेवटची कुठली आणि पहिली कुठली हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्याला त्याचाच अभिमान होता.

तिचं लग्न झालं होतं. ते फार टिकलं नाही. त्याची गोष्ट ती सांगत नाही, म्हणून इथेही नाही. परत आली तेव्हा दादाने एक अवाक्षर न बोलता तिला आपल्या ओट्याखाली बसवलं. घरात आई, दादा आणि ती. दादाने लग्न केलं नाही. म्हणे, घरात तोंड दोन बायकांचं पुरे.

साच्याचं काम असं. दोन पाखांचा लोखंडी साचा, बिजागरीवर उघडणारा, आत ओला. दादा भट्टीतून गोळा उचली, थोडी फुंक भरी, नळी झुलवी आणि खाली सोडी. लाल गोळा तिच्या डोळ्यांसमोर साच्यात उतरे. दादाचा पाय ओट्यावर आपटे. तिने साचा मिटायचा. वरून दादा छाती भरून फुंके, नळी फिरवी, साच्यातून वाफ निघे. पुन्हा पाय आपटे. साचा उघडायचा. आत कंदिलाची काच. बाहेर. पुन्हा उघडा साचा, पुन्हा गोळा, पुन्हा पाय.

यात डोक्याला काम नाही, म्हणून तिने डोळ्यांना काम दिलं. गोळा वरून खाली येतो आणि साचा मिटतो, या दोहोंच्या मधे एक क्षण असे. त्या क्षणी काच कुणाचीच नसे. तिला वाटेल ते ती होई. कधी वांगं होई, कधी निजलेल्या म्हाताऱ्याचं नाक, कधी ओठ काढून बसलेलं पोर, कधी नुसतंच काहीतरी गुबगुबीत, ज्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही. ओट्यावरच्यांना हे दिसत नसे. त्यांची नजर वरून, नळीच्या कडेने. शेडमध्ये एवढ्या माणसांत हा तमाशा फक्त खाली बसणाऱ्यांना फुकट होता, आणि त्यातही बघत होती ती एकटीच. बघता बघता दादाचा पाय आपटे, ती साचा मिटी आणि नाक, पोर, वांगं सगळे कंदिलाच्या काचा होऊन बाहेर येत.

एके दिवशी पाय आपटला आणि तिने साचा मिटला नाही.

हात दुखत होता असं नाही. झोप लागली होती असंही नाही. पुढे लोकांनी तिची बाजू घेऊन असली कारणं शोधली तेव्हा तिनेच ती खोडून काढली. गोळा उतरला होता तो मान वळवून. कुणीतरी हाक मारावी आणि त्याने वळून बघावं, तसा. तिला वाटलं, याला विचारू तरी दे कुणी हाक मारली. तेवढ्यात दादाची फुंक आली. दादाची फुंक म्हणजे छातीभर. साचा मिटलेला असता तर काच त्याच्या भिंतीला टेकून मुकाट सरळ झाली असती. भिंत नव्हती. काच एका बाजूने सुटली, फुगली, साच्याच्या उघड्या कडेवर पोट टेकून कलली आणि तशीच थबकली.

दादाने खाली बघितलं. एवढ्या वर्षांत त्याच्या नळीला असलं काही लागलं नव्हतं. आजूबाजूचे फुंकणारे वाकून बघू लागले. कुणीतरी म्हणालं, दादा, हे कुणाचं पोट आहे. शेड हसली. दादाने नळी झटकून तो चंबू फुटक्या काचेच्या पेटीकडे धरला, कारण वाकडं निघालेलं सगळं पेटीत जातं, फुटतं आणि दुसऱ्या दिवशी परत वितळतं. पण खाली ती उभी होती, हातात ओलं फडकं आणि चिमटा घेऊन. तिने तो वरच्यावर धरला, नळीपासून सोडवला आणि नेऊन काच निववायच्या लांब भट्टीत कंदिलाच्या काचांच्या मागे ठेवला. काच सावकाश निवली नाही तर घरी नेऊनही तडकते, हे तिला ठाऊक होतं. ठेवायचा तर नीट ठेवायचा.

सकाळी मुकादमाने निवलेला माल काढला तेव्हा रांगेच्या शेवटी चंबू निघाला. मुकादम साधा माणूस. त्याला वाकड्या मालाचा राग नसे, फक्त तो कुणाच्या नावावर मांडायचा हे कळायला हवं असे. त्याने चंबू वर धरून विचारलं, हे कुणाचं. दादा म्हणाला, माझं नाही. मुकादम म्हणाला, मग कुणाचं, भट्टी एकटीच व्याली का.

"माझं आहे," ती म्हणाली.

"तू फुंकलंस?"

"नाही. मी वाकडं केलं."

त्या दिवशी तिला नाव पडलं आणि त्याच दिवशी दादाने दुसरा साचेवाला मागून घेतला. तिला फुटकी काच धुण्याच्या हौदावर पाठवण्यात आलं. दादाने घरी तिच्याशी बोलणं टाकलं. घर दोन खोल्यांचं. अबोला धरायला जागा फार नव्हती. म्हणून तो आईच्या मार्फत चाले. आई, हिला सांग मीठ सरकव. आई, याला सांग मीठ त्याच्या हाताशीच आहे. चंबू तिने खिडकीत ठेवला, तेव्हा दादाने आपला जेवायचा पाट उलटा फिरवून घेतला आणि तो खिडकीकडे पाठ करून जेवू लागला. आई दोघांच्या मधे बसून निरोप पोचवी आणि अधूनमधून त्यात आपल्या पदरचं मीठ घाली.

हौदावर तिचे हात काचेने कापले जात, बोटं भिजून पांढरी पडत. पण तिथून तिला एक गोष्ट दिसली. संध्याकाळी पाळी संपली की मुशीच्या तळाशी थोडी काच उरे. त्या काचेला सगळे खरवड म्हणत. ती बुडबुड्यांनी भरलेली, थोडी आळलेली. कंदिलाला चालत नसे. मुकादम ती पळ्यांनी काढून पाण्यात ओतवी आणि ती तडतड फुटे. तिने मुकादमाला विचारलं, पाण्यात ओतण्याआधी ती खरवड मला फुंकू द्या. जे होईल ते होईल, नाही झालं तर पाणी कुठे पळून जात नाही.

मुकादमाला गंमत वाटली. त्याने विचारलं, फुंकशील कशाने. कारण फुंकणी ज्याची त्याचीच असते. तिथल्या लोकांत हा नियम कुणी भिंतीवर लिहिला नव्हता, पण एकाच्या नळीला दुसरा तोंड लावत नसे, मग तो सख्खा मुलगा का असेना. नळी आपल्या घरातून आणायची, नाहीतर आणायचीच नाही. मुकादमाने म्हटलं, नळी आण, खरवड तुझी. त्याचा हिशेब असा की बाई नळी कुठून आणणार.

नळी घरात होती. स्वयंपाकघराच्या दारावर आडवी, तिच्यावर आईचा फुलाफुलांचा पडदा. वडिलांची फुंकणी होती ती. वडील गेल्यावर दादाने स्वतःची घेतली होती, आणि वडिलांच्या नळीला कुणी तोंड लावायचं नाही म्हणून आईने तिला पडदा लावला होता. ती स्टुलावर चढून पडदा सोडवू लागली. आई कणीक मळत होती.

"आता मी पडदा कशावर लावू?" आईने विचारलं.

"दोरीवर."

"दोरी लोंबेल."

"लोंबू दे. चांगलं दिसेल."

आईने हात पुसले, नळीचं एक टोक धरलं आणि दारातून तिरकी करून बाहेर काढायला मदत केली. दादा अंगणात दाढी करत होता. त्याने आरशातून नळी जाताना बघितली. आरशातून बघितलं म्हणजे बघितलं नाही, असं त्याच्या अबोल्याचं कलम होतं.

पहिले बरेच दिवस तिच्या हातून जे झालं ते सगळं पाण्यातच गेलं. गोळा नळीवरून निसटून पायाशी पडे. फुंक कमी झाली तर काच गाठीसारखी बसे, जास्त झाली तर पातळ पापुद्रा होऊन हवेत फुटे आणि त्याच्या चकत्या तिच्या केसांत अडकत. ओठ भाजला. फुंकणारे घरी जायच्या आधी तंबाखू मळत उभे राहून बघत आणि सल्ले देत, पण ते मुद्दाम उलटे. दादा थांबत नसे. तो टॉवेल झटकून सगळ्यांच्या आधी निघून जाई.

तिची खरी अडचण वेगळीच होती, आणि ती फक्त तिच्यासारख्या बाईलाच येऊ शकते. ती एवढी वर्षं हे काम खालून बघून शिकली होती. फुंकणारे काच आडवी धरून फिरवतात, शेजारच्या पाटावर लोळवतात. त्यांना काच वरून आणि बाजूने दिसते. तिला काच ओळखू येई ती फक्त खाली लोंबताना. आडवी धरली की तिला ती परकी वाटे, नाक कुठे आणि पोट कुठे काही कळेना. शेवटी एका संध्याकाळी तिने पाट लाथेने बाजूला सारला, ओट्याच्या कडेवर उभी राहिली आणि नळी सरळ खाली सोडली. मग वाकून, जवळजवळ उलटी होऊन, खालून बघत फुंकली. बघणाऱ्यांना हसू आवरेना. पण काचेने ऐकलं. ती लोंबली, थांबली, एकीकडे झुकली आणि खाली एक थेंब घेऊन निवली. ही तिची पहिली धड वस्तू. घरी गेल्यावर तिचं दिव्याचं झाकण झालं.

तेव्हापासून तिचं सगळं लोंबतं. सुरईची मान लवते, माशाचा ओठ पडतो, फुलदाणीचं पोट गुडघ्याला येतं. ज्यांना कळत नाही ते म्हणतात, बाईला सरळ येत नाही. ते खरंच आहे. तिला सरळ येत नाही, आणि ते शिकायची तिची इच्छाही नाही.

गल्ली आधी हसायला आली. खिडकीशी उभं राहून लोक एकमेकांना कोपरं मारत: हा बघ, हा तुझा सासरा. पण हसायला आलेला माणूस पुन्हा आला, तोंड बंद करून, आणि जरा जास्त वेळ थांबला. शिंपीण आली, तिला तिच्या मशीनवर टांगायला दिवा हवा होता. ती म्हणाली, दिवसभर सरळ शिवण मारते, वर बघितलं की काहीतरी सैल दिसू दे. शाळेतल्या बाई आल्या आणि वर्गासाठी ढेकणांसारखे दिसणारे चार पेपरवेट घेऊन गेल्या. मुलं म्हणे आता कागद उडायची वाट बघतात. दातांच्या डॉक्टरने लांबट जिभेसारखी एक फुलदाणी नेली आणि बाहेरच्या खोलीत ठेवली.

ती ज्याला वस्तू देई त्याला अट घाली. कपाटात ठेवायची नाही. जिथे हात लागेल, नजर लागेल, मांजर फिरेल तिथेच ठेवायची. फुटली तर रडायचं नाही. तुकडे पिशवीत घालून आणून द्यायचे, ती पुन्हा वितळवेल आणि दुसरं काहीतरी देईल, पण तेच देणार नाही. शिंपिणीचा दिवा एकदा फुटला. तिने तुकडे आणले आणि रडवेली होऊन म्हणाली, अगदी तसाच कर गं. वाकडी म्हणाली, तसाच होता तो गेला. आता जो येईल त्याला बस म्हण. आला तो पहिल्यापेक्षा जाडा आणि आळशी. शिंपीण आठवडाभर रुसली, मग त्याच्यावर जीव टाकायला लागली.

हे सगळं मालकाच्या कानावर जायला दातदुखी कारण झाली. कारखान्याचा मालक दातांच्या डॉक्टरकडे गाल धरून बसला होता. समोर जिभेची फुलदाणी. तिच्याकडे बघत असताना त्याला, तो स्वतःच पुढे सांगे, दाताचा विसर पडला. त्याने डॉक्टरला विचारलं हे कुठल्या देशाचं. डॉक्टर म्हणाला, तुमच्याच भट्टीचं.

मालक वाईट माणूस नव्हता. तो दुसऱ्या दिवशी मुकादमाला घेऊन स्वतः तिच्या खिडकीशी आला, सगळं बघितलं, हातात घेऊन उलटं सुलटं केलं, मनापासून हसला. चंबूवर त्याची नजर बसली ती बसलीच. त्याने तो उचलला आणि म्हणाला, हा. हा प्रत्येक घरात असायला हवा.

मग त्याने आपलं म्हणणं मांडलं. चंबू साचेकाराकडे द्यायचा. तो त्याच्यावरून लोखंडी साचा करील. मान जरा कमी वळवली आणि पोट जरा सरळ केलं की साचा सुटायला सोपा. दादाने फुंकायचं. पेट्या भरभरून माल निघेल. आणि तिला ओट्यावर जागा, दिवसाची, दादाच्या शेजारी, सकाळची ताजी काच. नाही म्हटलं तर गोष्ट संपली. खरवडही कारखान्याचीच आहे, ती मग पाण्यात. विचार करून उद्या पाळी सुटताना चंबू घेऊन ये, एवढं बोलून तो गेला. त्याने धमकी म्हणून हे सांगितलं नाही, सोय म्हणून सांगितलं. त्याला ती नाही म्हणेल असं वाटलंच नव्हतं.

आणि तिला जागा हवी होती. हे कुणी विसरू नये. खरवड फुंकून फुंकून तिची जीभ खरवडीला सरावली होती, पण सकाळची काच तिने खालून बघितली होती. बुडबुडा नसलेली, मधासारखी, नळीला लाजत लाजत लागणारी. त्या काचेचा एक मोठा, छत भरून टाकणारा दिवा तिच्या डोक्यात कधीचा लोंबत होता. ओट्यावर बाई उभी राहिली असं त्या शेडने कधी बघितलं नव्हतं. हे सगळं एका चंबूच्या बदल्यात.

आईने स्पष्ट सांगितलं, एक मडकं दे आणि जागा घे. दादा पाठ करून जेवत होता. त्याने घास थांबवला.

रात्रीचं आवरून झाल्यावर ती चंबू मांडीवर घेऊन बसली. डोळे मिटून तिने त्याच्याजवळ दुसरा ठेवून बघितला, अगदी तसाच. मग तिसरा. मग दुकानाच्या फळीभर. आधी तिला हसू आलं: एवढे सगळे दाराआड उभे राहून एकच भांडण ऐकतायत. मग बघता बघता कुणीच काही ऐकेनासं झालं. मान वळलेली होती, पण हाक मारणारा नव्हता. तिला आठवलं ते ओट्याखालचं स्टूल, आणि तिच्या हातांनी मिटलेलं प्रत्येक नाक, प्रत्येक पोर. ते तिने पोटासाठी मिटले होते, त्याचं तिला दुःख नव्हतं. पण हा एक मिटायचा राहिला होता. आणि आता त्यालाच साचा करून बाकीच्यांवर मिटायचा.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना मालक आला, बरोबर साचेकार. फुंकणारे टॉवेल खांद्यावर टाकून घोळक्याने उभे राहिले. ती हौदाकडून आली, हातात वडिलांची नळी. चंबू नव्हता.

मालकाने विचारलं, विसरलीस का.

"विसरले नाही. देणार नाही."

मालक समजावू लागला. म्हणाला, लोकांना आवडेल ते लोकांपर्यंत जाऊ द्यावं, एकटीने कवटाळून बसू नये. ती म्हणाली, कवटाळून मी एकही ठेवलेला नाही. शिंपिणीकडे बघा, शाळेत बघा, तुमच्या डॉक्टरकडे बघा. पाहिजे त्याने यावं, त्याच्या नशिबात जो येईल तो घेऊन जावं. पण साच्यातला मी देणार नाही. मी साच्यापाशी बसून आयुष्य काढलंय, मला ठाऊक आहे तो काय खातो.

"मग जागाही नाही," मालक म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आणि खरवडही नाही. मुकादम, पाणी आणा."

मुकादमाने बादली उचलली. ती भट्टीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, नळी आडवी धरून. तिथली धग अशी की नुसतं उभं राहणाऱ्याच्या भुवया करपाव्यात. ती हलली नाही. कुणी तिला हात लावून बाजूला करील असं कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं, पण कुणी पुढे येऊन तिच्या बाजूने बोलेल असंही दिसत नव्हतं. मालकाने साचेकाराकडे बघितलं, मग दादाकडे. म्हणाला, चंबूची काही गरज नाही. ज्याने तो एकदा फुंकला त्याला तो आठवत असेलच. दादा, मातीचा एक नमुना करून दे, साचा त्याच्यावरून होईल.

सगळ्यांनी दादाकडे बघितलं. दादाने टॉवेल खांद्यावरून काढला, घडी घातली, पुन्हा खांद्यावर टाकला.

"ती माझी चूक आहे," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत एकच. ती मला रोज करायला सांगताय?"

मालक म्हणाला, अरे चूक काय, लोकांना आवडतंय. दादा म्हणाला, लोकांना आवडू दे. मला घरी जेवताना पाठ करून बसावं लागतं. सरळ फुंकायला सांगा, मेलो तरी फुंकेन. वाकडं फुंकायचं तर ते काम तिचं आहे, मला ते येत नाही आणि यायलाही नको. मग त्याने मुकादमाच्या हातातली बादली घेतली, स्वतःच्या पायांवर ओतली, उन्हाळ्यात पाळी सुटल्यावर ओतायचा तशीच, आणि रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसला. म्हणाला, खरवड आळायला लागलीय. बोलणं झालं असेल तर तिला घेऊ द्या.

बहीण एका कारणाने अडून होती, भाऊ बरोबर उलट्या कारणाने, आणि दोघं एकाच भट्टीपुढे. यातल्या एकाला कामावरून काढावं तर कारण सांगता येईना, दोघांना काढावं तर कंदील काचेवाचून. मालक चंबूसारखी मान वळवून उभा होता. मग तो साचेकाराला घेऊन निघून गेला. जागा दिली नाही. खरवडीबद्दलही काही बोलला नाही. ना ओता म्हणाला, ना ठेवा. मुकादमाने न बोललेल्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला आणि दुसरी बादली भरली नाही.

तिने वळून नळी मुशीत घातली. गोळा मोठा आला, नेहमीपेक्षा मोठा. तळाची सगळी काच तिने एका फिरवणीत गोळा करून घेतली होती. ती ओट्याच्या कडेवर गेली, नळी खाली सोडली आणि वाकून फुंकू लागली. त्या दिवशी फुंकणाऱ्यांपैकी कुणी तंबाखू मळली नाही आणि उलटा सल्लाही दिला नाही. काच खाली उतरत गेली, रुंद होत गेली, एका बाजूने तिचं ओटीपोट सुटलं. त्यातले बुडबुडे धगीत लकाकत होते, कुणीतरी आतून बोटं फिरवावीत तसे. ती फुंकायची थांबली आणि नळी धरून श्वास घेऊ लागली.

दादा बादलीवर बसला होता, म्हणजे खाली होता. तिथून त्याला काच लोंबताना दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदाच तो काचेला या बाजूने बघत होता. त्याने डोकं एकीकडे कलवलं, मग दुसरीकडे.

"वाकडं आहे," तो म्हणाला. आईच्या मार्फत नाही, सरळ तिला.

"हो," ती म्हणाली.

दादा अजून बघत होता. मग त्याने बोट दाखवलं. "पण इथे, डावीकडे, उगाच सरळ झालंय. तिथे अजून एक फुंक घाल."